शहाद्याची अमेरिकन व्यक्ती

माझ्या मुलीचा राजीनामा शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता पक्का होणार होता. त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी तिच्या दुसऱ्या कमाईचे पैसे शंभरातले चोवीस कापून आलेले दिसले. मधे साडेचार दिवस. माणसाला स्वतःविषयी नको ती माहिती मिळायला एवढा वेळ पुष्कळ होतो.

आधी राजीनाम्याचं सांगतो. मुलगी पुण्याच्या एका कंपनीत होती आणि गेली काही वर्षं ते काम शहाद्याला आमच्या घराच्या माडीवरून करत होती. कंपनीला त्याची अडचण नव्हती. मग एकाएकी कंपनीला माणसांचे चेहरे बघावेसे वाटू लागले. ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं सुरुवातीलाच सांगणारं पत्र आलं. असं सांगावं लागतं तिथे कुटुंब नसतं, नोटीस असते. नव्या वर्षापासून पुण्यात येऊन खुर्चीत बसा, नाहीतर वेगळे व्हा, एवढाच त्याचा अर्थ होता. मुलीनं वेगळं व्हायचं ठरवलं. साहेब बरा माणूस होता. तो म्हणाला, शुक्रवारी सहापर्यंत विचार बदलला तर कळव, राजीनामा फाडून टाकू. नाही बदलला तर कंपनीचा लॅपटॉप त्याच वेळेच्या आत कुरियरला देऊन पावती पाठव.

तिला हे धाडस झालं ते तिच्या ॲपमुळे. माझी बायको क्रोशाचे रुमाल विणते. मधेच कुणाचा फोन आला की किती ओळी झाल्या ते ती विसरते आणि त्याचा राग फोन करणाऱ्यावर न काढता घरातल्या माणसावर काढते. म्हणून मुलीनं ओळी मोजणारं एक ॲप करून दिलं. पडद्यावर बोट टेकवलं की एक ओळ पुढे. पुढे तिनं ते एका परदेशी कंपनीच्या ऑनलाइन दुकानात ठेवलं. ज्या गावात लोकर तीन आठवडे अंगावर आणि बाकीचं वर्ष पेटीत असते, त्या गावातून निघालेलं हे ॲप बर्फाच्या देशांतल्या बायका वापरू लागल्या, आणि जास्तीच्या सोयींसाठी पैसेही देऊ लागल्या. त्यातल्या पुष्कळ अमेरिकेतल्या होत्या. मुलीनं कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला होता: घरी राहून जगायला किती लागतं आणि ॲप किती देतं. ॲप थोडंसं जास्त देत होतं. थोडंसंच. चोवीस गेले की ते खाली जात होतं.

म्हणजे प्रश्न साधा होता. ही कापणी कायमची असेल तर राजीनामा मागे घेऊन पुण्याला जायचं. चुकीनं झाली असेल तर राहायचं. आणि उत्तर शुक्रवारच्या आत हवं होतं.

“आबा, हाई काय शे?” मुलीनं फोन माझ्यापुढे धरला. पैशांच्या पत्रकात एक ओळ होती: बॅकअप विथहोल्डिंग.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आहे. मला न समजलेल्या शब्दाकडे समजल्यासारखं बघण्याचा सराव आहे. मी म्हणालो, “दखाडूत कोणले तरी.”

दाखवायचं ते आमच्या रस्त्यावरच्या कर सल्लागाराला. त्याच्या पाटीवर ‘राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय’ असं लिहिलेलं आहे. आतमध्ये काचेची खोली, फिरती खुर्ची आणि मागच्या भिंतीवर तो स्वतः सन्मानचिन्ह घेतो आहे असे बरेच फोटो. एकात तर तो देतोही आहे. त्यानं पत्रक वर धरलं, खाली धरलं.

“हे ग्लोबल टॅक्सेशन आहे, काका. चोवीस टक्के म्हणजे त्यांचा फ्लॅट रेट. परदेशी माणसाला लागतोच.”

“पण मागच्या वेळी कापले नव्हते,” मुलगी म्हणाली.

“नियम बदलतात, ताई.”

“बॅकअप म्हणजे काय पण?”

तो खुर्चीत अर्धा वळला आणि परत आला. “तो एक तांत्रिक शब्द आहे.”

एवढ्या ज्ञानाची फी देऊन आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर मुलीनं कॅलेंडर उलटं करून पाहिलं, आणि मग सरळ करून परत खिळ्याला लावलं. बायकोनं विचारलं, “काय म्हने तो?” मुलगी म्हणाली, “पुण्याले खोली पाहनी पडी.”

मंगळवारी दुपारी मी वाचायला बसलो. पाटी जितकी मोठी तितकं त्या माणसानं कमी वाचलेलं असतं, हे मी नोकरीत शिकलो होतो. त्या ऑनलाइन दुकानाची मदतीची पानं आणि अमेरिकेच्या कर खात्याच्या सूचना, दोन्ही मी समोर घेतल्या. इंग्रजी मला जड जात नाही, आणि ती भाषा तर परकीसुद्धा वाटली नाही. जगातली सगळी महसूल खाती एकाच माणसानं लिहिल्यासारखं लिहितात: पोटकलमात पोटकलम, आणि मुख्य गोष्ट तळटीपेत.

दोन तासांत मला जे कळलं ते असं. बॅकअप विथहोल्डिंग हा परदेशी माणसावरचा कर नव्हेच. तो अमेरिकन माणसांसाठी आहे. तिथल्या स्वतंत्र धंदा करणाऱ्याला पैसे देताना देणारी कंपनी सहसा कर कापत नाही; घेणारा वर्षाअखेर आपला आपण भरतो. पण त्यासाठी त्यानं आपला करदाता क्रमांक एका फॉर्मवर लिहून द्यायचा असतो. त्या फॉर्मचं नाव डब्ल्यू-नाईन. क्रमांक दिला नाही, किंवा दिलेला क्रमांक आणि नाव जुळलं नाही, तर खातं म्हणतं की हा माणूस नक्की कोण ते कळेपर्यंत शंभरातले चोवीस आमच्याकडे पाठवा. मागची खबरदारी, म्हणून बॅकअप. ही जुळणी व्हायला महिने लागतात, तोवर पैसे पूर्ण येत राहतात. आमच्यासारख्या बाहेरच्या माणसानं डब्ल्यू-एट बेन नावाचा वेगळा फॉर्म द्यायचा असतो: मी अमेरिकन नाही, भारतात राहतो, भारतात कर भरतो, हा माझा पॅन. मग कापायचं ते फक्त अमेरिकेतून आलेल्या भागातून, आणि तेही दोन देशांच्या करारात ठरलं असेल तेवढंच.

वाचून मला बरं वाटलं. सल्लागार चुकला होता, आणि ते मला आवडलं. मग लक्षात आलं की अमेरिकन नसलेल्या माझ्या मुलीला अमेरिकन माणसाची कापणी लागली, म्हणजे तिनं कुठेतरी आपण अमेरिकन असल्याचं लिहून दिलेलं असणार. आणि तिचा फॉर्म मी भरला होता.

कपाटातून फाईल काढली. मी प्रत्येक कागदाची स्थळप्रत ठेवतो. ही सवय निवृत्तीबरोबर जात नाही. प्रत वर होती. काळी शाई, मोठी अक्षरं, एकही खाडाखोड नाही. इतका सुंदर भरलेला फॉर्म मी स्वतः तपासणीला बसलो असतो तर शेरा न मारता पुढे पाठवला असता. वरच्या कोपऱ्यात छापलेलं होतं: डब्ल्यू-नाईन.

हे कसं झालं ते मला आठवत होतं, आणि तीच अडचण होती. ॲप दुकानात ठेवलं तेव्हा मुलीनं दोन्ही फॉर्म छापून माझ्यापुढे ठेवले होते. “आबा, तुम्हले जमस हाई, भरी द्या. मी सही करस,” असं म्हणून ती कंपनीच्या मीटिंगला बसली. डब्ल्यू-एट बेनमध्ये काही चौकोन आमच्यासाठी नव्हतेच. ते रिकामे राहणार होते. आणि मी चौतीस वर्षं रिकामा चौकोन दिसला की अर्ज परत केलेला माणूस आहे. काही नसेल तर ‘निरंक’ लिहा, ‘लागू नाही’ लिहा, पण रिकामं ठेवू नका. डब्ल्यू-नाईन मात्र एका पानाचा, नीटस, आणि त्यातला प्रत्येक चौकोन भरण्यासारखा. करदाता क्रमांकासाठी नऊ घरं होती. पॅनची अक्षरं-आकडे दहा, आधारचे आकडे बारा. ‘निरंक’ इंग्रजीत लिहिलं तर तीनच घरं भरत होती. मी मुलीचं चेकबुक उघडलं. चेकच्या खालच्या पट्टीत बँकेच्या शाखेचा नऊ आकड्यांचा क्रमांक छापलेला असतो. बरोब्बर नऊ. पैशांचाच व्यवहार, बँकेचाच क्रमांक. मी तो घालून टाकला आणि घरं भरल्याचं समाधान मला मिळालं.

खाली चार ओळींचं प्रतिज्ञापन होतं. ते मी वाचलं नव्हतं. कचेरीत प्रतिज्ञापन वाचणाऱ्या माणसाकडे आम्ही संशयानंच बघायचो. मंगळवारी ते वाचलं. त्यात दिलेला क्रमांक खरा असल्याचं आणि खाली सही करणारी व्यक्ती अमेरिकन असल्याचं लिहिलं होतं, आणि हे खोटं ठरल्यास काय होऊ शकतं तेही होतं. त्याखाली मी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, आणि फुलीवर माझ्या मुलीची सही होती. तिनं न वाचता केली होती, कारण कागद मी पुढे केला होता.

मी फाईल कपाटात ठेवली. खरं म्हणजे लगेच माडीवर जायला हवं होतं. गेलो नाही.

बुधवारचा दिवस मी फार कामाचा केला. सायकलची चेन साफ केली. पाण्याच्या टाकीत डोकावलं. मनात एकच हिशेब चालू होता: नवा फॉर्म पाठवला आणि आठवड्यात मान्य झाला, तर सांगायची गरजच काय; पण नवा फॉर्म तिच्याच खात्यातून जाणार, आणि सही तिचीच लागणार. दुसरीकडे भीती होती की खोट्या प्रतिज्ञापनाचं काही निघालं, तर तिच्या नावावर निघेल. मी कुठल्याशा अमेरिकन साहेबाला मनातल्या मनात उत्तरं देत होतो आणि तो माझं एकही उत्तर नोंदवून घेत नव्हता.

त्या दुपारी मला डोंगरातल्या तालुक्यातली माझी जुनी कचेरी आठवली. मोलगीच्या वरच्या पाड्यावरची एक म्हातारी अर्ज घेऊन यायची. येताना अर्धा दिवस पायी, अर्धा जीपच्या टपावर. मी तिचा अर्ज परत केला, कारण दूरध्वनीचा चौकोन रिकामा होता. तिच्याकडे फोन नव्हता, पाड्यावर कुणाकडेच नव्हता. तिला माझी मराठी नीट कळत नव्हती आणि मला तिची पावरी बोली. पुढच्या आठवडी बाजाराला ती आली तेव्हा चौकोनात एक क्रमांक होता. कुणाचा ते मी विचारलं नाही. अर्ज पूर्ण झाला होता. मी शिक्का मारला.

संध्याकाळी बायको म्हणाली, “तुम्हले काय व्हयनं? चेन दोन डाव धुई तुम्ही.”

“काही नही.”

“पोर पुण्याले जाई ऱ्हायनी म्हनीसन का?”

मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं, पण त्याखाली सही नव्हती.

गुरुवारी सकाळी मुलगी चहा घेऊन खाली आली. केस विंचरलेले, चेहरा ठरवून शांत केलेला. “साहेबले मेल लिखेल शे,” ती म्हणाली. “येस म्हनी दिसू. चहा पिसू नि धाडी दिसू.”

चहा अर्धा होता. मी सांगितलं, “धाडू नको.”

“काबरं?”

मी फाईल आणली आणि स्थळप्रत तिच्यापुढे ठेवली. सगळं क्रमानं सांगितलं: फॉर्म कोणता होता, कोणता हवा होता, बॅकअप म्हणजे काय, कापणी कायमची नाही. माझ्या भागाकडे आलो तेव्हा आवाज कचेरीतला झाला. ‘सदर अर्जात’ असं मी खरोखर म्हणालो. तिनं कागद उचलला. नऊ घरांवर बोट ठेवलं.

“हाऊ नंबर कोना शे?”

“बँकना. चेकवरना.”

“बँकना.” ती खालच्या ओळी वाचत गेली, ओठ हलत होते. “मी अमेरिकन कव्हय व्हयनी, आबा?”

स्वयंपाकघरातून बायको दारात येऊन उभी राहिली होती.

“नि तुम्हले कव्हय समजनं?”

“मंगळवारे.”

“दोन दिन व्हई गयात.”

“दीड,” मी म्हणालो. बोलल्याबरोबर कळलं की अचूकतेची ही वेळ नव्हती.

तिनं कप खाली ठेवला. “फारम चुकना ते मी बी वाचा नही, मन्ही बी चूक शे. पण काल मी पुण्यानी खोलीना फोटो तुम्हले दखाडा. तुम्ही म्हने, बारी चांगली शे.” ती खिडकीबद्दल बोलत होती. फोटोतली खिडकी खरंच चांगली होती, आणि मी ती पाहून तसं म्हणालो होतो.

बायको म्हणाली, “जनमभर लोकेसना अर्ज परत धाडात. आते घरनी पोरले धाडी ऱ्हायनात.” मग ती आत गेली. पोळी जरा जास्तच जोरात लाटल्याचा आवाज येऊ लागला.

मुलीनं मेल खोडला नाही. बाजूला ठेवला. लॅपटॉप उघडून ती ऑनलाइन फॉर्म भरायला बसली, आणि मला म्हणाली, “बठा. पन हात लावू नका.” मी सूचना वाचत गेलो, ती भरत गेली. आपण बाहेरचे. राहतो भारतात. इथला पॅन हा. करार कोणत्या देशाशी, भारताशी. अमेरिकेचा क्रमांक विचारणाऱ्या चौकोनावरून ती पुढे गेली, आणि मी खुर्चीचा हात धरून बसलो. शेवटचं प्रतिज्ञापन तिनं मोठ्यानं, संपूर्ण वाचलं. एका वाक्यावर थांबून परत वाचलं. मग सही म्हणून आपलं नाव टाइप केलं. सोबत तिनं एक चिठ्ठीही लिहिली की आधीचा फॉर्म चुकून गेला, मी कधीच अमेरिकन नव्हते. चिठ्ठीत माझा उल्लेख नव्हता.

पडद्यावर आलं: तपासणी चालू आहे. कामाचे काही दिवस लागतील.

म्हणजे शुक्रवारी उत्तर नाही.

‘मान्य होईलच’ असं म्हणायचा माझा अधिकार नुकताच गेला होता. तिनं विचारलं तेव्हा मी कळत होतं तेवढंच सांगितलं. फॉर्म बरोबर आहे. कापणी थांबायला हवी. थांबेल कधी ते माहीत नाही. आधी कापलेलं गेलं ते गेलं. ते मागायचं तर तिथल्या खात्याकडे विवरणपत्र भरून मागावं लागेल, आणि त्यासाठी तिथला क्रमांकही काढावा लागेल. आणि कर कापून झाल्यावर ॲप कॅलेंडरमागच्या हिशेबाच्या वर राहील की खाली, हे अमेरिकेतल्या बायका किती विणतात यावर आहे.

“सल्लागारना परीस जास्त सांगं तुम्ही,” ती म्हणाली. कौतुक नव्हतं ते. नोंद होती.

शुक्रवारी दुपारपर्यंत पडदा तेच सांगत होता. कंपनीनं ठरवून दिलेली कुरियरची शाखा नंदुरबारला होती आणि साडेपाचला बंद व्हायची. तीन वाजता मुलगी लॅपटॉपची पिशवी घेऊन खाली आली आणि म्हणाली, “गाडी काढा. तठे जाईसन ठरावसू.” बायकोनं तिच्या हातात दशम्यांचा डबा दिला, जणू ती पुण्यालाच निघाली होती. कदाचित तिनं दोन्हीची तयारी म्हणून दिला असेल.

उसाच्या ट्रॅक्टरांमागे आम्ही रांगत होतो. प्रकाशा गावच्या पुलावर मी घड्याळ पाहिलं, तिनं फोन पाहिला. नंदुरबार जवळ आलं तशा वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या सुरू झाल्या, सगळं माळरान लाल, आणि काच वर करूनही घशात ठसका बसायचा तो बसलाच. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही कुरियरच्या दारात होतो. काउंटरवरच्या माणसानं वजनकाट्याकडे हात केला. मुलगी पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

“ताई, ठेवा. बंद करानी येळ व्हई ऱ्हायनी.”

तिनं फोन परत एकदा पाहिला. तपासणी चालू. मग माझ्याकडे वळली. “आबा, हाई मान्य नही व्हयनं ते?”

नोकरीत असा प्रश्न मला हजारो लोकांनी विचारला असेल. मी त्यांना ‘वरून आल्यावर बघू’ म्हणायचो. तिला म्हणालो, “ते कठीण जाई. सहा महिना. मन्ही पेन्शन शे, पन तुले ती लेवाले आवडाव नही.”

“नही आवडाव.”

“मंग पुणं बी वाईट नही.”

काउंटरवरचा माणूस चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत होता. मग तिनं पिशवी काट्यावर ठेवली आणि हात काढून घेतला. माणसानं खोकं बांधलं, पावती फाडली. तिनं तिथेच फोटो काढून साहेबाला पाठवला. पाच वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

नवा फॉर्म मान्य झाल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं, आणि त्यानंतरचे पैसे चोवीस न कापता आले. हे आता सांगता येतं. त्या संध्याकाळी गाडीत बसलेल्या आम्हाला ते माहीत नव्हतं. साहेबाचा फोन आला तेव्हा आम्ही गावाबाहेर पडलो होतो. ती म्हणाली, “नाही सर. विचार तोच आहे. पार्सल गेलंय.” त्यानं शुभेच्छा दिल्या असाव्यात, कारण ती दोनदा ‘थँक यू’ म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं डबा उघडला, एक दशमी मला दिली, एक स्वतः घेतली. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.